शनिवारच्या पॉडकास्ट गप्पांची आठवण, सगळ्यांनी वाचा

मंडळी, या शनिवारी संध्याकाळी 5 वाजता ठाण्यात तलावपाळीजवळ नेहमीच्या जागी भेटतोय, विषय शेअरपॉइंट (ऑफिसातल्या फायली आणि कामं सांभाळणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर), टीम्स (त्यांचंच मीटिंग-चॅटचं ॲप) आणि त्यांच्या डेव्हलपर कम्युनिटीवरचे पॉडकास्ट. प्रत्येकाने निदान एक एपिसोड ऐकून यायचं, ठाणे-वाशी लोकलने ऐरोली, रबाळेला जाणाऱ्यांचा तर जातायेता सहज होतो.

यावेळी मुख्य बोलणं शेअरपॉइंट ॲड-इनवर, म्हणजे शेअरपॉइंटला जोडायच्या छोट्या ॲप्सवर. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर 2023 मध्येच सांगितलं होतं की 2 एप्रिल 2026 पासून शेअरपॉइंट ऑनलाइनमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या शेअरपॉइंटमध्ये) ॲड-इन चालणार नाहीत, नवीन काम एसपीएफएक्समध्ये (शेअरपॉइंट फ्रेमवर्क, अशी ॲप्स बनवायची नवी पद्धत) करा, पण आपल्यातल्या कितीजणांच्या क्लायंटकडे जुनं काय काय पडलंय ते मोकळेपणाने बोलूया, कारण असं जुनं ॲड-इन बंद पडून रजेचा अर्ज नाहीतर बिलाची मंजुरी अडकली की त्रास ऑफिसातल्या साध्या माणसाला होतो आणि ते मला खरंच लागतं. कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर शेअरपॉइंट असेल तर ही तारीख लागू नाही, हे लक्षात ठेवा, गोंधळ इथेच होतो.

आणि फ्रेशर मुलामुलींनो, नुसतं ऐकू नका. पीएनपी कम्युनिटीचे (मायक्रोसॉफ्ट 365 वर काम करणाऱ्या डेव्हलपरांचा खुला गट) कोडचे नमुने गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, फुकट आहेत, तिथे आपला पहिला बदल कसा पाठवायचा ते लॅपटॉपवर करून दाखवू, चार्जर आणा. इंग्रजी कच्चं असेल तरी या, चर्चा मराठीतच.

येणाऱ्यांनी शुक्रवार रात्रीपर्यंत ग्रुपवर नाव टाका प्लीज, खुर्च्या सांगायच्यात.