शेवट गोड आहे का?

कोल्हापूर,
श्रावणातला दुसरा सोमवार

प्रिय सुऱ्या,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू एवढा बारीक आवाज काढलास की मला वाटलं गुडघ्याच्या टाक्यांत काहीतरी भानगड झाली. मग कळलं, खोलीत सूनबाई होत्या आणि तुला माझ्याकडून प्रेमाच्या कादंबऱ्या हव्यात. 'जरा हलकं, प्रेमाबिमाचं काहीतरी पाठव, पण पुडक्यावर लिहू नको.' लेका, चौसष्टाव्या वर्षी! आणि सांगतोय कोण, तर कॉलेजात असताना मला चार पोरांत 'बायकांची पुस्तकं वाचणारा' म्हणून खिजवणारा तू. मी हसलो नाही, एवढं ध्यानात ठेव. म्हणजे फोन ठेवल्यावर हसलो.

फोनवर सांगत बसलो असतो तर तू मध्येच मॅचचा स्कोअर काढला असतास. म्हणून हे पत्र. सहा आठवडे पलंगावर आहेस, वाचून संपव.

आधी एक गोष्ट. या विषयात माझ्या शब्दाला वजन आहे, हे तुला मान्य करावं लागेल. राजारामपुरीतली ती लायब्ररी आठवते ना? दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, संध्याकाळी पाच ते नऊ मी टेबलाशी. वीस रुपये डिपॉझिट, महिन्याची वर्गणी चार रुपये, एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक. बीकॉमची तीन वर्षं मी तिथं काढली. डेबिट-क्रेडिट मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण कुणाला कोणतं पुस्तक द्यायचं ते चेहरा बघून कळायला लागलं. पिशवीत भाजी घेऊन आलेल्या काकू पुस्तक हातात घ्यायच्या, उलटंपालटं करायच्या आणि विचारायच्या, "शेवट गोड आहे का?" लेखक कोण, किंमत काय, असलं कुणी विचारत नव्हतं. आणि एक हेडबाई होत्या, त्यांचं बरोबर उलटं. त्या म्हणायच्या, "रडू येईल असं दे रे. घरात रडायला कारण लागतं."

तर तुझं काय? गोड की रडू? ते तू सांगितलंच नाहीस, म्हणून दोन्ही पाठवतोय.

दर तीन-चार महिन्यांनी आमच्याकडं बाइंडर यायचा. शिवण उसवलेली, पानं सुटलेली पुस्तकं पोत्यात भरून न्यायचा, खळ आणि खाकी कापडाचा वास घेऊन ती परत यायची. त्या पोत्यात कधी बक्षीसपात्र कादंबरी गेलेली मी बघितली नाही. ती फळीवर करकरीत उभी. पोत्यात असायच्या शैलजा राजे, योगिनी जोगळेकर, चंद्रकांत काकोडकर आणि आपल्याच गावच्या डॉक्टरीणबाई सुमती क्षेत्रमाडे. दिवसभर पेशंट बघायचे आणि वर एवढ्या जाड कादंबऱ्या लिहायच्या, हे त्या काळी बाईमाणसाला कसं जमलं असेल देव जाणे. पुस्तक चांगलं की वाईट हे समीक्षकानं सांगावं, पण ते जगलं का, हे बाइंडरला विचारावं, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे.

काकोडकरांचं नाव काढल्यावर तू डोळा मारला असशील. आमचे मालक त्यांची पुस्तकं मागच्या फळीवर ठेवायचे आणि तीच जास्त खपायची. पण त्या माणसानं केवढं सोसलं बघ. १९६२ च्या एका दिवाळी अंकात 'श्यामा' छापून आली, अश्लील म्हणून खटला झाला, खालच्या कोर्टांत लढत लढत तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९६९ साली तिथं ते सुटले. त्याच साली त्यांच्या 'नीलांबरी'वरून निघालेला 'दो रास्ते' थेटरात लागला. एकाच वर्षात कोर्टातनं सुटका आणि राजेश खन्नाचा पिक्चर! आज 'श्यामा' वाचलीस तर म्हणशील, ह्यात अश्लील ते काय? तुझ्या नातवाच्या मोबाइलवर याच्या दसपट असतं.

आता मुद्द्याचं. पुडक्यात सगळ्यात वर फडके आहेत. ना. सी. फडके इथल्या राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे आणि घरी जाऊन प्रेमाच्या कादंबऱ्या लिहायचे. 'दौलत' १९२९ ची. फडके वाचताना एक पथ्य पाळायचं. माणसं अशी असतात का, असं विचारायचं नाही. नायक देखणा, नायिका त्याहून देखणी, कुणाला भाड्याची चिंता नाही, डाळीचा भाव माहीत नाही. पण वाक्य कसं, तेल घातलेल्या चाकासारखं फिरतं. धडा संपतो तिथं असा काही अडकवून ठेवतात की दिवा मालवता येत नाही. कथा कशी रचायची यावर त्यांनी 'प्रतिभासाधन' नावाचं अख्खं पुस्तक लिहिलंय, तेव्हा हे सगळं ठरवून केलेलं आहे. ठरवून का असेना, गुडघ्याची कळ विसरायला याच्यासारखं औषध नाही. पहिल्या आठवड्यात हेच घे.

खांडेकरांचं पथ्य वेगळं. ते शिरोड्याला मास्तरकी करत होते, तिथनं १९३८ साली कोल्हापूरला आले आणि इथलेच झाले. म्हणजे काही वर्षं हे दोघं एकाच गावात, एकाच भाजी मंडईच्या अंतरावर! एक म्हणायचे कलेसाठी कला, दुसरे म्हणायचे जीवनासाठी कला, आणि सगळा महाराष्ट्र दोन तट पाडून भांडत होता. आपल्याकडं तालमींवरनं भांडणं होतात, त्या काळात कादंबऱ्यांवरनं व्हायची. मला हे आठवलं की उगीच छाती फुगते. तांबडा-पांढरा रस्सा आणि कुस्ती म्हणून कोल्हापूर ओळखतात, पण मराठीत दोन पिढ्यांनी प्रेम कसं करायचं ते ज्यांच्या पुस्तकांतनं शिकलं, ते दोघं इथंच बसून लिहीत होते, हे कुणी सांगत नाही.

'ययाती' मी मुद्दाम पाठवत नाही. ज्ञानपीठ मिळालेलं पुस्तक आहे, सगळं मान्य. पण ती प्रेमाची कादंबरी नव्हे, तहानेची आहे, आणि पलंगावर पडल्या पडल्या वय आणि शरीर यांचा विचार करायला लावणारं पुस्तक तुला आत्ता नको. त्याऐवजी 'अमृतवेल' घे, १९६७ ची. सुरुवातच नंदाच्या दुःखानं होते, पण पुढं ती उठून उभी राहते. मध्ये मध्ये सुभाषितं येतील. आपल्या वर्गातल्या पोरी ती वहीत उतरवून घ्यायच्या, आठवतंय? त्यातलं एक वाक्य तू स्वतःचं म्हणून कुणाला तरी चिठ्ठीत लिहिलं होतंस. कुणाला ते मी पत्रात लिहीत नाही, वहिनी वाचतील.

लग्नानंतरचं प्रेम मराठीत फार कमी लिहिलं गेलंय. अंतरपाट धरला की कादंबरी संपली! म्हणून 'स्वामी' ठेवलंय. तू म्हणशील, ही तर ऐतिहासिक. अरे, तुझ्या चंदगडाकडचेच की रणजित देसाई, कोवाडचे. १९६२ साली आलेल्या या पुस्तकात लढाया आहेत, काका-पुतण्याचं राजकारण आहे, पण माझ्या लेखी ती माधवराव आणि रमाबाई या दोघांची कादंबरी आहे. राज्याच्या कामातनं बायकोला वेळ देता येत नाही म्हणून झुरणारा नवरा आणि ते ओळखून गप्प बसणारी बायको. पुन्हा वाच आणि राजकारणाची पानं भरभर उलटली तरी चालतील. थेऊरशी आलास की मात्र हळू वाच. सत्ताविसाव्या वर्षी गेला रे तो माणूस.

आता रडायचं. 'रणांगण'. विश्राम बेडेकरांची, १९३९ ची, अंगानं बारीक. युरोपातनं मुंबईकडं येणारी बोट, त्यावर एक मराठी माणूस आणि हेर्टा नावाची ज्यू मुलगी, मागं हिटलर, पुढं काय ते माहीत नाही. बोटीचा प्रवास संपेपर्यंतच हे प्रेम. ज्या साली जग पेटत होतं त्याच साली हे लिहून छापलं गेलं, पुढं काय होणार हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं, आणि वाचताना ते जाणवतं. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री रंकाळ्यावर जाऊन बसलो होतो, अकराच्या पुढं. घरी आल्यावर अण्णांनी दारातच धरलं, त्यांना वाटलं मी पिऊन आलोय. हे पुस्तक रात्री सुरू करू नकोस. सकाळी चहानंतर घे, म्हणजे दिवसभर माणसं आजूबाजूला असतील.

त्याच्यावर उतारा म्हणून पु. शि. रेग्यांची 'सावित्री' ठेवलीय. सगळी कादंबरी पत्रांची, पत्रं सगळी तिचीच. उत्तरं आपल्याला दिसत नाहीत, ती मनात लिहून घ्यायची. तासा-दोन तासांत संपते. पण मी वर्षातनं एकदा वाचतो, जोतिबाच्या यात्रेला जावं तसा.

'दुनियादारी' तुला नको, तू ती तेव्हाच माझ्याकडनं नेलीस आणि दंड न भरता परत केलीस. शिरवळकरांच्या पुस्तकांना आमच्याकडं नंबर लावावे लागायचे. 'शाळा' मात्र वाचलं नसशील तर आधी ते वाच, फडक्यांच्याही आधी. मिलिंद बोकीलांचं, २००४ चं. नववीतली पोरं आणि बाहेर आणीबाणी. सुऱ्या, आपण नववीतच होतो की रे आणीबाणीत! शाळेच्या वाटेवर एक मुलगी पुढं चाललीय आणि आपण ठरावीक अंतर ठेवून मागं, एवढंच काय ते प्रेम. बोलायची छाती नाही. मला तर प्रत्येक पानावर आपली भवानी मंडपाकडनं जाणारी वाट दिसत होती.

गौरी देशपांड्यांची दोन पातळ पुस्तकं वेगळी बांधलीत. ती सूनबाईंना दे. प्रौढ बाईचं प्रेम, नवरा असताना, पोरं असताना, स्वतःच्या अटींवर. आपल्या पिढीच्या पुरुषांना ते वाचून जरा घाम फुटतो. तुलाही फुटावा अशी इच्छा आहे, पण आधी सूनबाई.

इंग्रजीचं विचारलंस. त्या कॉन्व्हेंटच्या पोरी मिल्स अँड बून न्यायच्या, ती आठवतात? कंपनी लंडनची, १९०८ पासूनची. पुस्तक कुठलंही उचल, शेवट गोडच. आमच्या भाजीवाल्या काकूंना इंग्रजी येत असतं तर एक प्रश्न वाचला असता. मला स्वतःला दोन-चारनंतर कंटाळा आला. जेन ऑस्टिनचं 'प्राइड अँड प्रेज्युडिस' मात्र कधी जुनं होत नाही. १८१३ चं पुस्तक, पण पाच मुलींच्या लग्नाच्या काळजीनं ऊर बडवणारी ती आई आपल्या मंगळवार पेठेत आजही सापडेल. भाषा जड वाटली तर नातीला वाचून दाखवायला सांग. पोरीचं इंग्रजी सुधारेल, तुझा वेळ जाईल.

पुडकं शुक्रवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पाठवतोय, ड्रायव्हर ओळखीचा आहे. पहाटे स्वारगेटला पोराला पाठव. पुडक्यावर 'औषधं' लिहिलंय. 'अमृतवेल' आणि 'रणांगण' माझी नाहीत, करवीर नगर वाचन मंदिरातनं माझ्या कार्डावर काढलीत. १८५० पासून चालू असलेली संस्था आहे, तुझ्यापायी तिथं माझं नाव खराब करू नकोस. पानाचा कोपरा दुमडायचा नाही. खूण म्हणून एसटीची तिकिटं ठेवलीत आत.

वहिनींना नमस्कार, सूनबाईंना आणि पोरांना आशीर्वाद. फिजिओथेरपीवाला येतो तेव्हा शिव्या देऊ नकोस, त्याचं काम आहे ते.

तुझा,
बंड्या

ता. क. : पुडक्यात तळाशी एक कव्हर नसलेलं पुस्तक आहे. लायब्ररी बंद झाली तेव्हा मालकांनी मला दिलेलं. त्याची शेवटची आठ पानं कुणीतरी फाडून नेली होती आणि दुसरी प्रत कुठं मिळेना. वाचक येऊन विचारायचे, पुढं काय झालं? मग मी शेवट सांगायला लागलो. एका बाईंना सांगितलं, नायक विलायतेहून परत येतो, दोघांचं लग्न होतं. आठवड्यानं दुसऱ्या बाई आल्या. त्या दिवशी माझा निकाल लागला होता, अकाउंट्समध्ये उडालो होतो. त्यांना सांगितलं, नायक टीबीनं गेला. दोघी एकाच घरातल्या जावा निघाल्या! दुसऱ्या दिवशी पदर खोचून दारात उभ्या. मालकांनी दोघींचं डिपॉझिट परत दिलं आणि माझ्या पगारातनं कापलं. नंतर धाकटी एकटी आली, पुन्हा डिपॉझिट भरलं आणि म्हणाली, "ते टीबीचंच बरोबर वाटतं हो."

तू वाच आणि तुला काय वाटतं ते लिहून पाठव. फोनवर नको.