कुणबी नोंदीपाशी दप्तर बंद करू नका

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सादर नमस्कार.

गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात जुन्या कागदाला भलताच भाव आला आहे. मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला सप्टेंबर २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि तहसिलांच्या अभिलेख कक्षांतली धूळ खात पडलेली गाठोडी सुटली. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. २ सप्टेंबर २०२५ ला कुणबी दाखल्यांसाठी हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेणारा शासन निर्णय निघाला. त्या निर्णयावर मला इथे काही म्हणायचं नाही. सरकारने मनावर घेतलं तर निजामाच्या काळातला कागदही हाती लागतो, एवढं मात्र सगळ्यांना दिसलं. माझी विनंती इथून पुढची आहे.

मी निवृत्त शिक्षक. गाव बालाघाटच्या डोंगरावर, बीड जिल्ह्यात. पारावर बसलं की कुणीतरी विचारतंच, "गुरुजी, निजामाच्या जनगणनेत आपल्या पणज्याचं नाव निघंल का?" मला सांगावं लागतं, की नाही निघणार. हैदराबाद संस्थानात १८८१ पासून दर दहा वर्षांनी शिरगणती झाली, पण छापून आले ते आकडे, नावं नव्हेत. आजच्या कायद्यातही नावाला वाट नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ सांगतं, की माणसामाणसाची नोंद कुणाला पाहता येणार नाही आणि ती पुरावा म्हणूनही चालणार नाही. ब्रिटनमध्ये शंभर वर्षांनी नावांसकट कागद खुले होतात, अमेरिकेत बहात्तर वर्षांनी. आपल्याकडे तशी मुदतच नाही.

नाव हवं असेल तर गावच्या जमिनींचं खासरा पाहणी पत्रक काढा, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर काढा, जन्म-मृत्यूची नोंदवही काढा. पण साहेब, या कागदांत नाव मुख्यतः कुणाचं असतं? ज्याच्याकडे जमीन होती त्याचं, ज्याने शाळेची पायरी चढली त्याचं. सालगडी, मोलकरीण, बालविधवा, गावकुसाबाहेरचं कुटुंब यांच्या दारात सरकारी माणूस लेखणी घेऊन गेला तो बहुतेक शिरगणतीपुरताच. त्यांचं नाव तिथे राहिलं नाही, पण ते मोजले गेले. १९३१ च्या तक्त्यांत जातीच्या रकान्यांबरोबर वय, वैधव्य, साक्षरता, व्यवसाय, मातृभाषा असे कितीतरी रकाने आहेत. आपण सगळे त्यातल्या एकाच रकान्यावर बोट ठेवून बसलो आहोत.

आमच्याच जिल्ह्याचं बघा. १८९१ साली बीड जिल्ह्यात सुमारे ६ लाख ४३ हजार माणसं होती. १९०१ साली उरली ४ लाख ९२ हजार. दहा वर्षांत चारातलं जवळजवळ एक माणूस कमी. १८९७ चा दुष्काळ, त्यावर १८९९-१९०० चा. किती मेली आणि किती देशोधडीला लागली हे तो एक आकडा सांगत नाही, पण आमच्या भागातली घराणी चौथ्या-पाचव्या पिढीमागे अंधारात का जातात, याचं बरंचसं उत्तर त्यात आहे. पुढे १९११ ते १९२१ या दशकात सगळ्या संस्थानाची लोकसंख्या १ कोटी ३४ लाखांवरून १ कोटी २५ लाखांवर आली. मधे १९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, येऊन गेली होती. आमच्या शाळेत मुलं हे शिकत नाहीत. त्यांना प्लेग माहीत असतो, तोही पुण्यातला.

गावनिहाय आकडे हाताशी येतात ते १९५१ पासूनच्या जिल्हा जनगणना पुस्तिकांत. त्या इंग्रजीत आहेत. बऱ्याच आता संगणकावर पाहायला मिळतात, पण ग्रामपंचायतीत बसून कोण वाचणार? आणि वाचल्या तरी त्या सरळ वाचायच्या नसतात. १९५१ ला शेतीवर जगणाऱ्यांचे चार वर्ग होते: स्वतःची जमीन कसणारे, दुसऱ्याची कसणारे, शेतमजूर, आणि स्वतः न कसता खंड खाणारे. नुकत्याच १९४९ ला जहागिऱ्या संपल्या होत्या, १९५० ला हैदराबादचा कूळ कायदा आला होता. त्या धांदलीत आपल्या गावात कुळं किती आणि खंड खाणारे किती, हे तिथे दिसतं. १९६१ ला वर्गवारी बदलली आणि कूळ हा वेगळा रकानाच राहिला नाही. म्हणजे कुळं मालक झाली, की मजूर झाली, की नुसतीच पुस्तिकेतून उठली? हे गावाने जुने आकडे आणि खासरा शेजारी ठेवून शोधायचं काम आहे.

बाईमाणसाचंही तसंच. १९६१ च्या पुस्तिकेत काम करणाऱ्या स्त्रिया भरपूर सापडतात. १९७१ ला मुख्य काम कोणतं असा प्रश्न विचारला गेला आणि त्यांची संख्या एकदम कोसळली. चूल-मूल सांभाळून रानात राबणारी बाई कागदावर घरी बसली. पुढच्याच वर्षी, १९७२ च्या दुष्काळात, त्याच बाया दुष्काळी कामांवर खडी फोडत होत्या.

सगळ्यांत जास्त घोटाळा होतो तो अनुसूचित जातींच्या रकान्यात. महाराष्ट्रात १९५१ साली बौद्ध होते जेमतेम अडीच हजार, १९६१ साली जवळपास २८ लाख. मधे १९५६ चं धर्मांतर. पण बौद्धांना अनुसूचित जातींत धरलं जाऊ लागलं ते १९९० च्या दुरुस्तीनंतर. त्यामुळे अनेक गावांच्या पुस्तिकेत १९६१ ला दलित वस्ती ओसरल्यासारखी दिसते आणि १९९१ ला पुन्हा भरते. राज्याची टक्केवारीसुद्धा १९८१ ची सुमारे ७, तर १९९१ ची ११. कुणी गावाबाहेर गेलं नव्हतं, कुणी बाहेरून आलंही नव्हतं. हे न सांगता नुसते आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावले तर उद्या त्यावरूनच भांडणं लागतील.

१९४१ आणि १९५१ चे धर्मनिहाय आकडेही शेजारी ठेवायला हवेत. मधे सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई आहे. उस्मानाबाद आणि नांदेडात त्यानंतर मुसलमानांवर काय गुदरलं ते केंद्राने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने लिहून ठेवलं, गावात मात्र अजून दबक्या आवाजात बोलतात. जायकवाडी धरणाच्या नाथसागराखाली गेलेली गावं, १९९३ च्या भूकंपानंतर हललेली किल्लारी परिसरातली गावं, त्यांचेही जुने आकडे जुन्याच नावाखाली पडून आहेत.

तुम्ही म्हणाल, जनगणना केंद्राचा विषय. मान्य. पण पुराभिलेख संचालनालय आणि दर्शनिका (गॅझेटियर) विभाग तुमच्याच खात्यात आहेत. मराठवाड्यातल्या प्रत्येक गावाचा १९५१ ते २०११ चा शिरगणती पट मराठीत तयार करा, आणि रकाने कधी, का बदलले याची सोप्या भाषेत टीप जोडा. संभाजीनगर आणि नांदेड इथल्या विद्यापीठांची मुलं हे काम आनंदाने करतील. त्याआधीचे हैदराबादचे तालुकावार तक्ते एकत्र करून छापा. मोडी-उर्दू वाचायला बसवलेली माणसं समितीचं काम आटोपलं म्हणून घरी पाठवू नका.

एक जोखमीची गोष्टही सांगतो. १९५१ च्या जनगणनेच्या पत्रकांवरून गावोगाव नागरिकांची नोंदवही (एनआरसी) तयार झाली होती, घरवार आणि नावानिशी. तिचं नाव काढलं की आज लोक बिचकतात, आणि ते बिचकणं चुकीचं नाही. म्हणून ती पुरावा म्हणून वापरू नका, कुणाचं नागरिकत्व तपासायला तर नकोच. पण कलेक्टर कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांत तिच्या प्रती शिल्लक असतील तर वाळवीच्या आधी त्या तुमच्या संचालनालयाच्या ताब्यात घ्या आणि मुदतबंद करून जपा.

आता पुढचं. माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे, आणि या वेळी जातही विचारली जाणार आहे. १९९१ आणि २००१ ला मी प्रगणक होतो. फेब्रुवारीत आमच्याकडे अर्ध्या वस्तीला कुलूप असतं. कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, दिवाळीच्या आसपास उचल घेऊन साखर कारखान्यावर जातात ते गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. मोजणीचे सगळे दिवस जो घरी नाही, त्याला घरी लिहायचं नाही असा तेव्हा नियम होता. त्याला तिकडे उसाच्या फडावर, कोपीवर (टोळीच्या झोपडीवर) कुणीतरी गाठायचं. म्हातारी आणि दोन नातवंडं लिहून मी पुढच्या दाराशी जायचो. तो आकडा घेऊन शंभर वर्षांनी कुणी आमचं गाव वाचायला बसलं तर त्याला वाटेल, इथे म्हातारी माणसं आणि पोरंच राहत होती.

तेव्हा ऊसतोड टोळ्यांची मोजणी कशी करणार, मुकादमांच्या याद्या प्रगणकांना देणार का, आणि या कुटुंबांची नोंद त्यांच्या मूळ गावाच्या नावासह वेगळी ठेवणार का, हे राज्याने केंद्राला आत्ताच लेखी विचारावं. गळीत हंगाम सुरू झाल्यावर विचारून उपयोग नाही.

कळावे,
आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. पाटोदा, जि. बीड