पेठांतील जुन्या धुराड्यांना आतून नळी हवी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

चिमणी या विषयावर सोलापूरकरांनी जेवढे वाचले आणि ऐकले आहे, तेवढे क्वचितच दुसऱ्या शहराच्या वाट्याला आले असेल. श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी विमानतळाच्या निमित्ताने वर्षानुवर्षे चर्चेत राहिली आणि जून 2023 मध्ये ती पाडली गेली. तो वाद पुन्हा उकरून काढण्याचा माझा हेतू नाही. मला लिहायचे आहे ते साखर पेठ, शुक्रवार पेठ, बुधवार पेठ, मंगळवार पेठ या भागांतील जुन्या घरांच्या भिंतींतून वर गेलेल्या विटांच्या धुराड्यांविषयी. त्यांचा आज जसा वापर होत आहे, तो घरातल्या माणसांच्या जिवाला धोका आहे आणि त्याविषयी कोणी बोलत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

ही धुराडी चुलीसाठी आणि पाणी तापवण्याच्या बंबासाठी बांधलेली होती. लाकडाचा जाळ मोठा, त्याचा धूर भरपूर आणि चांगलाच तापलेला, म्हणून गवंड्यांनी ती ऐसपैस ठेवली. फूटभर लांबी-रुंदीचे धुराडे आपल्याकडे सर्रास सापडते. स्वयंपाकघरात गॅस आला, चूल गेली, तरी धुराडे भिंतीत राहिले. पुढे न्हाणीघराचे नूतनीकरण करताना त्याच भिंतीवर गॅस गीझर बसवला गेला आणि त्याची धूर बाहेर नेणारी नळी जुन्या धुराड्याला भोक पाडून आत सारली गेली. ‘धुराडे आहेच, मग वेगळा पाइप कशाला?’ असे प्लंबर म्हणतो आणि घरमालकालाही ते पटते. काही घरांत गीझरऐवजी लाकडावरचा नवा स्टीलचा बंब त्याच धुराड्याला जोडलेला दिसतो, कारण माणसे जास्त असलेल्या घरात सिलिंडर पुरत नाही आणि गावाकडून तुराट्या व ढलप्या मिळत राहतात. दोन्ही ठिकाणी चूक एकच आहे. नवे साधन जुन्या धुराड्याला जोडताना धुराड्याच्या आत त्या साधनाच्या मापाची धातूची नळी सोडायला हवी होती, ती सोडलेली नाही.

माझे सारे आयुष्य एका प्रोसेस हाउसमध्ये बॉयलरवर गेले. टॉवेल आणि चादरींच्या सुताच्या रंगाईसाठी वाफ पुरवणे हे आमचे काम होते, त्यामुळे जाळ, हवा आणि धूर यांचे गणित मला रोजच्या सवयीचे आहे. त्याच आधाराने पुढचे लिहितो.

गॅस स्वच्छ जळतो, त्याला धूर नाही, म्हणून धुराड्याला काही होत नाही, हा समज अगदी चुकीचा आहे. एक किलो एलपीजी जळला की त्यातून दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ तयार होते. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गीझर घरातल्या सगळ्यांच्या आंघोळीसाठी मिळून अर्धा तास चालला, तर साधारण अर्धा किलो गॅस जळतो आणि पाऊण लिटर पाणी वाफेच्या रूपाने धुराड्यात शिरते. लाकडाचा धूर इतका गरम असे की ही वाफ बाहेर पडेपर्यंत वाफच राही. गीझरचा झोत मात्र लहान, आणि भोवताली जाड, गार विटांची भिंत. हा झोत 50-55 अंश सेल्सिअसच्या खाली आला की वाफेचे पाणी होऊन ते आतल्या विटांवरून ओघळू लागते. त्यात कर्बाम्ल वायू (कार्बन डायऑक्साइड) विरघळतो, जुन्या काजळीतले क्षार आणि गंधकाचे अंश मिसळतात, आणि असे आंबट पाणी विटांमधल्या चुन्याच्या दरजा (सांधे) हळूहळू खाऊन टाकते.

शुक्रवार पेठेतील एका परिचितांच्या घरी हे मी प्रत्यक्ष पाहिले. माडीवरच्या खोलीत, धुराड्याच्या अंगाला, भिंतीवर तपकिरी पिवळट डाग पडला होता, गिलावा फुगला होता आणि कडेने लोणा लागला होता. एका ठेकेदाराने माळवदातून पाणी झिरपते असे सांगून वर वॉटरप्रूफिंग करून घेतले, त्याचे पैसे घेतले आणि डाग तसाच राहिला. खरे तर घरातल्या वहिनींनी सांगितलेली एक गोष्ट त्याने नीट ऐकायला हवी होती: ओल पावसाळ्यात नव्हे, थंडीत वाढत होती. पावसाचे पाणी जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत येत नाही. त्या दिवसांत आंघोळीला पाणी जास्त कढत लागते, गीझर जास्त वेळ चालतो आणि धुराड्याच्या विटा रात्रभर गार पडलेल्या असतात. आम्ही गच्चीवरून बॅटरी सोडून आत पाहिले, तेव्हा विटांमधला चुना बोटाने खरवडला तरी पिठासारखा गळत होता, आणि दोन ठिकाणी दरजा इतक्या मोकळ्या झाल्या होत्या की बॅटरीचा उजेड माडीवरच्या कपाटाच्या मागे दिसला. ज्या फटीतून उजेड जातो, त्या फटीतून वायूही जातो, आणि त्या कपाटालगत घरातली दोन मुले झोपत होती.

हा वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. ज्वालेला पुरेशी हवा मिळाली नाही की तो तयार होतो. सिलिंडरमधल्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो. या वायूला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके जड होणे, मळमळणे, पाय लटपटणे ही त्याची पहिली लक्षणे आहेत आणि आपल्याकडे ती पित्तावर ढकलली जातात. आंघोळीहून आल्यावर घरातल्या एकापेक्षा अधिक माणसांना असे होत असेल, तर गीझर ताबडतोब बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात, सर्वांनी मोकळ्या हवेत यावे, डॉक्टरांना गाठावे, आणि धुराडे तपासून होईपर्यंत तो गीझर पुन्हा लावू नये.

धुराडे मोठे असले की धूर चांगला ओढला जातो, असेही बरेच जण मानतात. चार इंची नळीचे क्षेत्रफळ साधारण साडेबारा चौरस इंच भरते. बारा इंच चौरस धुराड्याचे 144 चौरस इंच, म्हणजे अकरापटीहून अधिक. गॅसच्या साधनासाठी हे प्रमाण सातपटीपेक्षा जास्त नसावे, असा परदेशी नियमावलीतला दंडक आहे. एवढ्या मोठ्या पोकळीत गीझरचा झोत पसरतो, गार होतो, वर चढण्याचे बळ गमावतो आणि मागे फिरतो. त्यातच न्हाणीघरात एक्झॉस्ट पंखा चालू असेल, किंवा स्वयंपाकघरात तासाला हजार-बाराशे घनमीटर हवा ओढणारी विजेची चिमणी चालू असेल, तर बंद घरात ती हवा कुठून तरी यावी लागते आणि ती धुराड्यातूनच उलटी खाली येते. आपल्या उन्हाळ्यात आणखी एक प्रकार होतो. बाहेर चाळीस अंशांवर ऊन आणि जाड भिंतीतले धुराडे गार, त्यामुळे आतली जड हवा खाली बसते आणि गीझर लावल्यावर पहिली काही मिनिटे वायू खोलीतच साचतो. याची परीक्षा सोपी आहे. दारे-खिडक्या लावून, पंखे चालू ठेवून, गीझर पेटवावा आणि त्याच्या धूर जाण्याच्या तोंडाशी पेटती उदबत्ती धरावी. धूर आत खेचला गेला पाहिजे. तो खोलीकडे वळला, तर त्या गीझरचा वापर त्याच क्षणी थांबवावा.

लाकडाच्या बंबाचा धोका वेगळा आहे. ओल्या ढलप्या मंद जळतात, धूर गार राहतो आणि धुराड्याच्या आत डांबरासारखा चिकट, काळा थर धरतो. एखाद्या दिवशी मोठा जाळ झाला की हाच थर पेट घेतो आणि आतली उष्णता हजार अंशांच्या वर जाऊ शकते. आपल्या वाड्यांत सागवानी तुळयांची टोके धुराड्याच्या भिंतीतच बसवलेली असतात, हे विसरून चालणार नाही. अमेरिकेत 1940 च्या दशकात सरकारी मानक संस्थेने घेतलेल्या चाचण्यांत, आतून अस्तर नसलेल्या धुराड्यालगतचे लाकूड साडेतीन तासांत पेटले होते. तेव्हापासून थंड देशांत अस्तराशिवाय धुराडे बांधणे हा निष्काळजीपणा मानला जातो आणि धुराड्याची वर्षातून एकदा तपासणी करावी असे तेथील मानके सांगतात.

आता उपायाविषयी, कारण तो आपल्याच शहरात होऊ शकतो. धुराडे आधी वरपासून खालपर्यंत घासून काजळी पूर्ण काढावी, पारव्यांची घरटी काढावीत आणि मग आत स्टेनलेस स्टीलची नळी सोडावी. तिचा व्यास साधनाच्या तोंडाएवढा असावा. कमी तर कधीच नको. लाकडाच्या बंबाला 304 प्रतीचे स्टील चालते. गॅसच्या साधनाला, जिथे आंबट पाणी साचण्याचा संभव आहे, तिथे 316 प्रतीचे घ्यावे, कारण त्यात मॉलिब्डेनम असल्याने ते अधिक टिकते. जी. आय. पत्र्याची नळी स्वस्त पडते, पण तिचा जस्ताचा मुलामा लाकडाच्या उष्णतेत टिकत नाही आणि गॅसच्या ओलीत तिला लवकरच भोके पडतात. पीव्हीसीचा पाइप तर अजिबात लावू नये. तो ऐंशी अंशांच्या आसपासच मऊ पडतो, तरीही गीझरला लावलेला मी पुष्कळ ठिकाणी पाहिला आहे.

नळ्यांच्या जोडणीत एक बारकावा आहे आणि बहुतेक कारागीर तिथेच चुकतात. वरच्या नळीचे खालचे तोंड खालच्या नळीच्या आत बसले पाहिजे, म्हणजे ओघळणारे पाणी नळीच्या आतूनच खाली येते. याउलट बसवले, तर धूर अडखळत नाही म्हणून वरकरणी काम चांगले दिसते, पण प्रत्येक सांध्यातून पाणी बाहेर पडून भिंतीत मुरते. गीझरपासून धुराड्यापर्यंतचा आडवा भाग शक्य तितका आखूड आणि फुटाला पाव इंच या मानाने वर चढता असावा. नळीच्या तळाशी साफसफाईसाठी झाकण ठेवावे. नळी आणि विटा यांच्यामधली जागा नुसत्या सिमेंट-काँक्रीटने भरू नये, कारण नळी तापून फुगते आणि ते तडकते. त्यापेक्षा नळीभोवती सिरॅमिक लोकर गुंडाळावी, म्हणजे नळी गरम राहते आणि तुळयांनाही झळ लागत नाही. माथ्यावर टोपी आणि जाळी हवी. धुराड्याचे तोंड छतापासून किमान 3 फूट वर, आणि 10 फुटांच्या आत असलेल्या कोणत्याही भिंतीपेक्षा वा पाण्याच्या टाकीपेक्षा किमान 2 फूट उंच असावे. पेठांत शेजारच्या घरावर स्लॅबचे नवे मजले चढले की जुने धुराडे खड्ड्यात सापडल्यासारखे होते आणि वारा धूर खाली दाबतो. तिथे नळीची उंची वाढवण्यावाचून गत्यंतर नाही.

ज्या घरांत निर्धूर चुलीच्या काळातली सिमेंटची जुनी नळी अजून आहे, तिच्यात बहुधा ॲस्बेस्टॉस असते. ती बदलायचीच, पण करवतीने कापून किंवा हातोड्याने फोडून नव्हे. तिचे तंतू फुप्फुसात जातात आणि त्यांनी कर्करोग होतो. तोंडावर चांगला मास्क लावून, नळी ओली करून, अखंड काढून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावी आणि मुलांना दूर ठेवावे.

कारखान्यातला बॉयलर तपासणीच्या प्रमाणपत्राशिवाय चालवता येत नाही. निरीक्षक येऊन आतबाहेर पाहिल्याखेरीज आम्हाला तो पेटवायची परवानगी नसे. घरातल्या धुराड्याकडे मात्र कोणीच पाहत नाही. गॅस वितरकाचा माणूस सुरक्षा तपासणीला येतो, तो शेगडी, रेग्युलेटर आणि रबरी नळी पाहतो. त्याच भेटीत गीझरची धूरनळी कुठे जाते एवढे त्याने पाहावे, अशी माझी सर्व वितरकांना विनंती आहे. महापालिका पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींना नोटिसा देते. त्या पाहणीत वापरात असलेल्या धुराड्यांची नोंद घ्यावी आणि घरदुरुस्तीची परवानगी देताना, जुन्या धुराड्याला नवे साधन जोडायचे असेल तर आतून धातूची नळी बसवण्याची अट घालावी. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत पत्राकाम शिकणारी मुले आहेत, अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत स्टीलचे काम करणारी कसबी माणसे आहेत. त्यांना दोन-चार दिवसांचे प्रशिक्षण दिले, तर हे काम येथेच, माफक खर्चात आणि नीट होईल. थंडी सुरू होण्यापूर्वी महापालिकेने निदान पेठांपुरती अशी पाहणी हाती घ्यावी आणि आपल्या दैनिकाने त्याचा पाठपुरावा करावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त बॉयलर अटेंडंट
साखर पेठ, सोलापूर