गाठी झाकून विकलेल्या यूच्या लाकडाबाबत तक्रार

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन विक्री विभाग

सातपूर, नाशिक
दि. ९ मार्च २०२५

विषय: धनुष्यासाठी 'पाठीवर गाठ नाही' असे सांगून विकलेल्या लाकडातील गाठी, एका कुजक्या गाठीत भरलेला डिंक-भुसा आणि परतावा नाकारल्याबाबत.

महोदय,

दि. ११ नोव्हेंबर २०२४ रोजी मी आपल्या संकेतस्थळावरून यू वृक्षाच्या लाकडाचा १९० सेंटीमीटर लांबीचा एक चिरलेला तुकडा १८,५०० रुपयांना मागवला. 'युरोपीय यू, तीन वर्षे वाळवलेले, सरळ रेषेचे, पाठीवर गाठ नाही, उत्तम प्रत' असे त्याचे वर्णन होते. तो २५ नोव्हेंबरला पोहोचला. २८ तारखेला साल काढली तेव्हा पाठीच्या, म्हणजे धनुष्य धरल्यावर लक्ष्याकडे राहणाऱ्या, बाजूला लहानमोठ्या अकरा गाठी मोजल्या आणि दुसऱ्याच दिवशी छायाचित्रांसह आपल्याला कळवले. पाच दिवसांनी आपले उत्तर आले की साल काढलेला माल परत घेतला जात नाही आणि नैसर्गिक वस्तूत थोडाफार फरक असतोच. या निर्णयाचा फेरविचार व्हावा यासाठी, आणि त्यानंतर जे उघडकीस आले तेही नोंदवावे यासाठी, हे पत्र लिहीत आहे.

सर्वप्रथम हे स्पष्ट करतो की माझी तक्रार गाठींविरुद्ध नाही. यूचे झाड सावकाश वाढते, त्याच्या खोडातून जागोजागी बारीक फुटवे निघतात आणि त्या प्रत्येकाची खूण लाकडात राहते. इंग्लंडचे 'मेरी रोज' हे जहाज १५४५ साली बुडाले आणि १९८२ साली वर काढले गेले. त्यातून यूची शंभराहून अधिक धनुष्ये मिळाली आणि त्यांतही गाठी आहेत, कारागिरांनी त्यांच्याभोवती लाकूड उंच राखलेले आहे. मी स्वतः गेली आठ वर्षे पेठ-सुरगाण्याकडून आणलेल्या बांबूची धनुष्ये करतो आणि बांबूच्या पेराला पाठीकडून हत्यार लावायचे नसते, हे माझ्या हातात बसलेले आहे. गाठीचे लाकूड गाठीचे म्हणून दिले असते, तर मी ते आनंदाने घेतले असते आणि त्याची किंमतही तशीच दिली असती.

परतावा नाकारला गेल्यावर मी दोनदा स्मरणपत्र पाठवले. उत्तर आले नाही, म्हणून जानेवारीत मी याच तुकड्याचे धनुष्य करायला घेतले. आपण लाकडाच्या दोन्ही टोकांना मेण लावले होते ते योग्यच होते, कारण टोके लवकर सुकतात आणि तिथून चिरा पडतात. परंतु दोन्ही चिरलेल्या बाजूंवरही तपकिरी रंगाच्या मेणाचा जाड थर होता. १२ जानेवारीला तो खरवडताना एका टोकापासून ६२ सेंटीमीटरवर अंगठ्याएवढ्या जागी लाकडाचा रंग वेगळा दिसला. खिळ्याचे टोक टेकवले तर ते आत गेले. डिंक आणि लाकडाचा भुसा कालवून ती जागा भरलेली होती, त्यावर नारिंगी रंग दिलेला होता आणि खाली काळी, भुसभुशीत, कुजलेली गाठ होती. झाडाला गाठ येते, परंतु गाठीत भुसा भरून वर रंग देणे हे माणसाचे काम आहे, आणि त्याला 'नैसर्गिक फरक' म्हणता येणार नाही.

याने नेमके काय बिघडते, ते सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण आपल्या उत्तरावरून हा प्रश्न केवळ दिसण्याचा आहे असा आपला समज झालेला दिसतो. धनुष्य ओढले की त्याची पाठ ताणली जाते आणि पोट, म्हणजे ओढणाऱ्याकडची बाजू, दाबले जाते. यूची थोरवी अशी की बाहेरचे पांढरट लाकूड ताण उत्तम सोसते आणि आतले तांबूस गाभ्याचे लाकूड दाब उत्तम सोसते, म्हणून एकाच तुकड्यात दोन्ही कामे होतात. गाठीपाशी मात्र लाकडाच्या रेषा तिला वळसा घालून जातात. तिथे रंधा सरळ फिरवला तर त्या रेषा तुटतात आणि ताण आल्यावर त्याच जागेवरून कपची उचलली जाते. म्हणून पाठीवर एकच वार्षिक वलय धरून, गाठीवर उंचवटा राखत, अगदी सावकाश खरवडत जावे लागते. गाठ भुजेच्या, म्हणजे मुठीच्या वरच्या किंवा खालच्या वाकणाऱ्या भागाच्या, मधोमध असेल तर दोन्ही अंगांच्या अखंड रेषा तिला सांभाळतात. ती कडेला आली तर तिथूनच धनुष्य मोडण्याची भीती असते. तुकड्यात धनुष्याची मध्यरेषा कुठून न्यायची हे करवत लावण्यापूर्वीच ठरवावे लागते ते यासाठी, आणि तो निर्णय मला खोट्या माहितीवर घ्यावा लागला. कुजकी गाठ आधी दिसली असती तर मी मध्यरेषा दीड सेंटीमीटर सरकवली असती आणि ती गाठ भुजेच्या मध्यावर आणली असती. मेण काढेपर्यंत तुकड्याची एक बाजू मी उतरवून बसलो होतो, आणि आता ती गाठ कडेपासून जेमतेम सात मिलिमीटरवर आहे.

माझे वडील जुन्या नाशिकमधल्या वाड्यांची सागवानी खांब-तुळयांची दुरुस्ती करीत. गाठ दिसली की तिला आधी बोटाने दाबून पाहायची, मग हत्यार उचलायचे, ही त्यांची शिकवण आहे. त्याप्रमाणे मी कुजलेला भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कोरून काढला, खळगा तसाच ठेवला आणि भोवती शक्य तेवढी रुंदी व जाडी राखली. पुढचे सहा आठवडे रोज संध्याकाळी कानस आणि काचेचा तुकडा घेऊन हेच काम केले. लाकडाचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी एक दशांश कमी झाली तर कडकपणा सुमारे २७ टक्के घटतो. त्यामुळे गाठीची जागा ताठ राहते, तिच्या शेजारची जागा बिजागरीसारखी दुमडू लागते, आणि ते सावरण्यासाठी उरलेल्या दोन्ही भुजा पातळ कराव्या लागतात. २८ इंच ओढल्यावर ४५ पौंड जोर लागेल असे धनुष्य करायचे ठरवले होते. २६ इंचांवर ३१ पौंड भरत असताना खळग्याच्या कडेला, पोटाच्या बाजूस, लाकूड दाबाने चुरडल्याची केसाएवढी आडवी रेघ उमटली, आणि मी तिथेच थांबलो. धनुष्य आज शाबूत आहे, तीर सोडते, पण ते पूर्ण ओढण्याची जोखीम मी घेणार नाही. भरलेली जागा ध्यानात न येता कोणी नवशिक्याने ते पूर्ण ओढले असते, तर मोडलेली भुजा त्याच्या तोंडावर आली असती. या शक्यतेचा विचार मला सर्वाधिक अस्वस्थ करतो.

साल काढण्याच्या मुद्द्याबाबत एवढेच सांगतो की सालीखालची पाठ साल काढल्याशिवाय कोणालाही दिसू शकत नाही, आणि मालासोबत आलेल्या आपल्याच सूचनापत्रकात 'माल मिळताच साल काढून पाठ तपासावी' असे छापलेले आहे.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार वर्णनाशी न जुळणारा किंवा सदोष माल परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही, तसेच तक्रारीची पोच ४८ तासांत आणि तिचे निवारण एका महिन्यात करणे बंधनकारक आहे. माझ्या बाबतीत यांपैकी काहीही झालेले नाही. तरीही धनुष्य मी केले आहे आणि ते माझ्याजवळ आहे, म्हणून पूर्ण रक्कम मागणे मला उचित वाटत नाही. आपल्याच संकेतस्थळावर याच मापाचा 'गाठीचे, सरावासाठी' असा स्पष्ट उल्लेख असलेला तुकडा ६,५०० रुपयांना आहे. फरकाचे १२,००० रुपये पंधरा दिवसांत परत करावेत. ज्या पुरवठादाराकडून हा तुकडा आला, त्याच्या उरलेल्या सर्व मालावरचे मेण काढून तो तपासावा आणि त्या मालातले तुकडे घेतलेल्या इतर ग्राहकांना लेखी कळवावे. रकमेपेक्षाही ही मागणी मला अधिक महत्त्वाची वाटते.

आणखी एक बाब. बिलावर केवळ 'लाकूड, १ नग' असे लिहिले आहे. हिमालयातील यू, म्हणजे थुनेर, संकटग्रस्त वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबाबतच्या 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. म्हणून माझ्याकडचे लाकूड युरोपीयच आहे हे दाखवणारी आयातीची कागदपत्रे मला मिळावीत.

मुदतीत उत्तर न आल्यास मी नाशिक येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे रीतसर तक्रार दाखल करीन. बिलाची प्रत, आपल्या सूचनापत्रकाची प्रत आणि साल काढल्यापासूनची चौदा छायाचित्रे सोबत जोडली आहेत. गाठीतून निघालेला भुसा व मेणाचे तुकडे पाकिटात बंद करून ठेवले आहेत आणि आपला प्रतिनिधी आल्यास धनुष्यासह ते दाखवण्याची माझी तयारी आहे.

कळावे,
आपला ग्राहक