हप्त्याचं सोडून

चि. गणेश यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

भाऊबीजेला तू न जेवता गेलास. तुझं ताट आईनं रात्री उशिरापर्यंत झाकून ठेवलं, दुसऱ्या दिवशी ते मीच खाल्लं. फोन तू उचलत नाहीस अन् मला मोबाइलवर एवढं टाइप होत नाही, म्हणून सोनीची जुनी वही घेतली. बबन उद्या शेंद्र्याला ड्युटीवर येतोय, त्याच्याजवळ देतो. तुझ्या नव्या गाडीच्या हप्त्याबद्दल यात एक अक्षर काढणार नाही, असं आईला कबूल केलंय.

पहिलं म्हणजे, गाडी चांगली आहे. तुझ्यासमोर म्हणलो नाही. पाडव्याला तू आंघोळीला गेलास तेव्हा मी गुपचूप आत जाऊन बसलो. दार लावलं अन् आक्काची बडबड, कोंबड्या, देवळातला भोंगा, सगळं बंद. डावा पाय आपोआप क्लच शोधायला लागला. क्लचच नाही! एकटाच हसलो. नंतर पारावर विचारलं कुणीतरी, एवढी मोठी फॉर्च्युनर कोणाची रे? तर 'आपल्या गण्याची' असं जरा जास्तच मोठ्यानं सांगितलं मी. अन् घरी येऊन तुलाच बोललो.

तू म्हणालास, 'अण्णा, तुम्ही जन्मभर दुसऱ्याला नेऊन सोडलं, तुम्हाला गाडी म्हणजे भाडंच दिसतं.' लागलं मला ते. पण खोटं नाही. २१ वर्षं काळी-पिवळी चालवली, जालना, बदनापूर, करमाड, औरंगाबाद. (संभाजीनगर म्हण. मला अजून वळण पडत नाही.) १९९४ ला टाटा सुमो आली तेव्हा ती गाडी म्हणजे आमदार नाहीतर चेअरमन. धुरळा दिसला की लोक पारावरून उठून उभे राहायचे. अन् दहा-बारा वर्षांनी त्याच सुमो आमच्या स्टँडवर 'जालना, जालना' ओरडत उभ्या. मी २००९ ला घेतली तीही एका चेअरमनचीच, तिसऱ्या हाताची. मागच्या काचेवरचं 'चेअरमन' मी ब्लेडनं खरवडून काढलं होतं, तरी तिरपं ऊन पडलं की अक्षरं दिसायची. टपावर बोचकी, मागं बकरी, अन् काचेवर चेअरमन. २००२ ला स्कॉर्पिओ आली, तिचंही तेच झालं. २००९ ला तुझी ही फॉर्च्युनर आली. आता लग्नाच्या मांडवाबाहेर दहा उभ्या असतात, सगळ्या पांढऱ्या. कोणता पाहुणा कोणत्या गाडीतून उतरला हे बघायलाही कुणी मान वळवत नाही.

तुला आठवतं का, तिसरीत तुझ्या कंपासपेटीवर हमरचं स्टिकर होतं. लष्कराच्या गाडीसारखी ती पिवळी. अमेरिकेत पेट्रोल महागलं, ती बनवणारी जनरल मोटर्स २००९ ला दिवाळखोरीत गेली अन् पुढच्या साली हमर बंद झाली. मी पेपर वाचून दाखवला तर तू रडलास. अन् त्याच २०१० मध्ये आपल्या औरंगाबादेत एका दिवसात दीडशे मर्सिडीज घेतल्या लोकांनी. बँकेनं ७ टक्क्यांनी कर्ज दिलं म्हणे. ट्रॅक्टरला त्याहून कितीतरी जास्त पडायचं. आम्ही स्टँडवर हे वाचून हसलो होतो. हसायला कामून आलं, ते आज सांगता येत नाही.

समृद्धी महामार्गात जमिनी गेल्या तेव्हाचं तर तू डोळ्यानं पाहिलंस. पैसे आले त्या महिन्यात गल्लीत गाड्या मावेनात. आज त्यातल्या दोन लिंबाखाली उभ्या आहेत, एकीत कुत्रीनं पिल्लं घातलीत. आपली पावणेदोन एकर गेली, त्याचं सोनीचं लग्न अन् विहीर झाली. मी शहाणा म्हणून नाही. तुझी आई हुशार म्हणून.

तुझंही मला पटतं. प्लॉट बघायला येणारं गिऱ्हाईक आधी गाडी बघतं, मग नकाशा. बिडकीनला टोयोटाचा कारखाना यायचा २०२४ ला करार झाला, तेव्हापासून भाव चढलेत असं तूच सांगतोस. पण करार म्हणजे कारखाना नव्हे रे. तुझे प्लॉट विकायच्या आधी हप्ता

बघ, आलंच.

एकदाच लिहितो. ३० लाखांचं कर्ज, महिन्याला ४९ हजार, ८४ महिने. ४१ लाख होतात. मी तीनदा गुणाकार केला. सप्टेंबर २०२५ ला जीएसटी सेस धरून ५० वरून ४० टक्के झाला म्हणून वाचले म्हणतोस, ते बरोबर. वाचलेल्यात चॉइस नंबर घेतलास, ४१४१, पाटीवर 'दादा' वाचतात तो. कोणाचा दादा तू? सोनीचा. ती तर तुला गण्याच म्हणते.

चुकलं माझं. नंबर छान आहे. पोरं फोटो काढत होती.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तू सहावीत होतास, २०१२ चा दुष्काळ. टँकरनं पाणी घालून घालून शेवटी मोसंबीला कुऱ्हाड लावली, ते तुला आठवत असेल. रस्त्यावर भाडंही नव्हतं. सुमोचे चार हप्ते थकले. करमाडच्या अलीकडं फायनान्सवाल्यांच्या दोन पोरांनी मोटारसायकल आडवी लावली. गाडीत ११ माणसं, त्यात एक बाळंतीण, माहेराहून सासरी निघालेली. त्यांनी चावी मागितली, मी दिली. भांडलो नाही. सगळ्यांचे पैसे परत केले, बाळंतिणीला दुसऱ्या गाडीत बसवून दिलं अन् बदनापूरपर्यंत चालत आलो. एसटी दोनदा शेजारून गेली, हात केला नाही. कंडक्टर ओळखीचा होता.

घरी तू विचारलंस, सुमो कुठंय. मी म्हणलं, विकली. तू विचारलंस, भाव चांगला आला का. मी म्हणलं, आला. तेव्हापासून घराबाहेर मोटारसायकल थांबली की मी आधी खिडकीतून बघतो. पाडव्याला तुझ्या गाडीपाशी दोन पोरं थांबली, तेव्हाही बघितलं. ती फोटो काढत होती.

हे तुला भीती घालायला लिहिलं नाही. अन् लिहिलंच असेल, तर आईला दाखवू नको.

बाकी सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीन गेलं ते गेलंच. कपाशीची खालची बोंडं सडली, वरचं थोडं हाती लागलं. बदनापूरच्या संशोधन केंद्राची तूर मात्र उभी आहे, बीडीएन ७११ वाण, फुलोऱ्यात आलीय. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० आहे, व्यापारी ओलावा सांगून बराच खाली मागतो, म्हणून अजून घरातच ठेवलाय. आईच्या गुडघ्याला तेल आणायचं तू विसरलास.

रात्रीचं समृद्धीवर एकटा निघू नको. सरळ रस्त्यावर डोळा लागतो, हे मी ड्रायव्हर म्हणून सांगतो, बाप म्हणून नाही. नवीन टायर आहेत तरी हवा बघत जा.

तुझा हप्ता ५ तारखेला कटतो ना? ४ ला फोन कर. कमी पडत असतील तर तसं सांग, कापूस मी त्या दिवसापर्यंत बाजारात घालत नाही.

तुझे,
अण्णा