तडजोडीच्या कागदावर तुझे नाव

गिरगाव, मुंबई

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार. आईचा गुडघा तसाच आहे, माझी साखर आटोक्यात आहे, बाकी सर्व ठीक.

आमच्या भाड्याच्या जागेच्या ताब्यासाठी चाललेल्या दाव्याबद्दल आपण दोघांनी एकमेकांशी एक शब्दही बोलायचा नाही, असे तुझ्या वडिलांच्या, नानांच्या तेराव्याला तूच सुचवले होतेस आणि मी ते पाळले. घरमालक नानांचे वारस म्हणून काकू, दादा आणि तू वादी झालात, इकडे भाडेकरू असलेल्या बाबांच्या मागे आई आणि मी प्रतिवादी झालो, तरी दिवाळीला तुझा फोन आला आणि गणपतीला माझा गेला. आता ते बंधन उरले नाही. मागच्या आठवड्यात धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात तडजोडीच्या अटी दाखल झाल्या आणि कोर्टाने त्याप्रमाणे हुकूमनामा केला. दादाने तुला कळवले असेलच. परंतु त्या कागदावर तुझ्या नावापुढे दादाने कुलमुखत्यार म्हणून, म्हणजे तू दिलेल्या मुखत्यारपत्राच्या आधारे तुझ्या वतीने, सही केली आहे, आणि ती पाहिल्यापासून माझ्या मनाला जी टोचणी लागली आहे, ती तुझ्याखेरीज कोणाला सांगणार?

आधी ठरले काय, ते सांगतो. पुढची, गॅलरीकडची खोली आम्ही दादाच्या चिऊच्या दातांच्या दवाखान्यासाठी सोडायची. मधली खोली आणि स्वयंपाकघर आमच्याच भाडेहक्कात राहील आणि पावत्या आई आणि मी अशा दोघांच्या नावाने निघतील. मागच्या बाजूला स्वतंत्र संडास-मोरी दादाने महापालिकेच्या परवानगीने स्वखर्चाने बांधून द्यायची, आणि ती वापरात आल्यावरच पुढच्या खोलीचा ताबा द्यायचा. हा क्रम मी हट्टाने लिहून घेतला, कारण रात्री-अपरात्री आईला गॅलरीच्या टोकापर्यंत नेणे आता शक्य होत नाही. इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी इमारत आहे, उद्या पुनर्विकास झाला तर उरलेल्या जागेवरचा आमचा हक्क अबाधित राहील, हेही लिहिले आहे. मुंबईच्या विकास नियमावलीतल्या 33(7) या पुनर्विकासाच्या योजनेत निवासी भाडेकरूला किमान 300 चौरस फुटांचे चटई क्षेत्र मिळते, त्यामुळे खोली सोडली म्हणून आपण उघड्यावर पडणार नाही, हे आईला पटवताना मला बरेच दिवस लागले.

भाडे कायद्याच्या संरक्षणातल्या जागेचा ताबा केवळ दोन्ही पक्ष राजी आहेत म्हणून कोर्ट देत नाही, हे मला या निमित्ताने समजले. कलम 16 मधले एखादे कारण खरोखर आहे, हे कागदावरून दिसावे लागते. म्हणून मालकांची गरज वाजवी आणि प्रामाणिक आहे, हे आम्हाला लिहून द्यावे लागले. ते लिहून देताना आईने जराही खळखळ केली नाही. जिला आपण पायांवर घेऊन न्हाऊ घातले, तिला दवाखान्यासाठी जागा हवी आहे, हे मी खोटे कसे म्हणू, असे ती म्हणाली. गरजेच्या दाव्यात जागेच्या काही भागाने काम भागत असेल आणि त्याने कोणाला जाच होत नसेल, तर तेवढ्याच भागापुरता हुकूमनामा करायची सोय त्याच कलमात आहे. आमच्या वकिलीणबाईंनी मध्यस्थीच्या बैठकीत तीच वाट दाखवली आणि तुमच्या वकिलांनीही ती मोकळेपणाने मान्य केली. (आई प्रत्येक तारखेला बेसनाचे लाडू नेत असे आणि पहिला लाडू नेहमी तुमच्याच वकिलांच्या हातावर ठेवत असे. दादा म्हणतो की वादीचा वकील प्रतिवादीने फोडला तो असा.)

तुझ्या लग्नाच्या आदल्या रात्री आपले जे कडाक्याचे भांडण झाले होते, ते तुला आठवत असेल. तू म्हणाला होतास, एवढ्याशा भाड्यात जिन्यातला दिवासुद्धा जळत नाही. मी म्हणालो होतो, जिना पडायला आला तरी नाना बघत नाहीत. तुझ्या म्हणण्यात तथ्य होते, हे मी आज मोकळेपणाने लिहितो. जुन्या जागांचे भाडे 1940 च्या सप्टेंबरच्या पातळीवर गोठलेले होते आणि ती तरतूद काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे सुप्रीम कोर्टानेच 1997 साली सांगितले. पुढे 1999 चा भाडे नियंत्रण कायदा आला, तो 31 मार्च 2000 पासून लागू झाला आणि त्याने वर्षाला 4 टक्के वाढ दिली. मूळ आकडाच एवढासा, त्याच्या 4 टक्क्यांत नानांचे काय भागणार होते? मात्र माझेही म्हणणे मी सोडत नाही. दुरुस्तीचा उपकर आम्ही भरत आलो आणि टेकू लागले तेव्हा त्यांच्याखालून रोज आम्हीच ये-जा केली.

आता मुद्द्यावर येतो. दाव्यात गरजेखेरीज दुसरा एक आरोप होता: आम्ही सहा महिन्यांहून अधिक काळ सबळ कारणाशिवाय जागा वापरली नाही, खोली बंद ठेवली. आईला खोली गेल्याचे दुःख झाले नसते एवढे त्या एका वाक्याचे झाले. बाबांना घेऊन आम्ही पुण्याला मावशीकडे उपचारासाठी राहिलो, त्या दिवसांत आमच्या खोलीची किल्ली तुमच्याच स्वयंपाकघरात, चहाच्या गाळणीशेजारच्या खिळ्याला लटकत होती. आमच्या तुळशीला काकू रोज पाणी घालत होत्या. हे तुला ठाऊक आहे. त्या मे महिन्यात तू घरी होतास आणि बाबांचे कपडे आणायला मी आलो तेव्हा ती किल्ली तूच मला काढून दिली होतीस. उलटतपासणीत हे सारे काढावे, असे वकिलीणबाईंचे मत होते. काकूंना पिंजऱ्यात उभे करायचे नाही, असे आईने निक्षून सांगितले आणि तो विषय संपवला. तडजोडीच्या बोलणीत मात्र तिने एकच अट घातली, की हा आरोप लेखी मागे घेतला पाहिजे. तडजोडीच्या दुसऱ्या कलमात तसे लिहिले आहे.

न्यायाधीश मॅडमनी अटी वाचून दाखवायला लावल्या, मग आईला मराठीत विचारले, आजी, समजून सही केलीत ना, कोणी जबरदस्ती केली नाही ना? आई म्हणाली, नाही, पण सुधाकर कुठे आहे? मॅडमनी मुखत्यारपत्राची मूळ प्रत मागवली, तडजोडीचा अधिकार दिल्याची ओळ बोटाने शोधली आणि समाधान झाल्यावरच हुकूम केला. तेव्हा कायद्यात काही उणे नाही. तडजोड बेकायदा होती असे म्हणून हुकूमनामा रद्द करण्यासाठी वेगळा दावा लावता येत नाही, संमतीच्या हुकूमनाम्यावर अपीलही होत नाही, हे मी दिवाणी प्रक्रिया संहितेत स्वतः वाचले. नेमकी त्यामुळेच माझी काळजी वाढली. मुखत्यारपत्र नाना गेले तेव्हाचे आहे. दादाने या अटी तुला वाचून दाखवल्या का? दुसरे कलम तू पाहिलेस का? पुढच्या खोलीवर तुझाही वारसाहक्क आहे, ती चिऊला मिळते आहे हे तुला मान्य आहे का? तुझ्या मनाविरुद्ध काही झाले असेल, तर ताबा देण्याच्या आधी मला कळलेच पाहिजे. दादाला विचारले तर तो म्हणतो, सुधाकर माझ्या शब्दाबाहेर नाही. ते खरे असेल, तरी ते मला तुझ्याकडून ऐकायचे आहे.

तुझ्या बदलीचे काय झाले? राधाची बारावीची परीक्षा पार पडली असेल. वहिनींना नमस्कार सांग.

हुकूमनाम्याची छायाप्रत सोबत पाठवतो आहे. सर्व कलमे वाच आणि काय वाटते ते दादामार्फत न कळवता स्वतःच्या हाताने लिही, दोन ओळी असल्या तरी चालतील. संडास-मोरीचे काम गणपतीपर्यंत होईल असे गवंडी सांगतो. त्यानंतर ताब्याची पावती करायची आहे. त्या दिवशी तू यावेस आणि तुझ्या नावापुढे तूच सही करावीस, अशी आईची इच्छा आहे आणि माझीही आहे. रजेचा अर्ज आताच दे.

तुझा,
अरविंद