अण्णांच्या नावाचा कागद

प्रिय सुध्या,

अण्णांना जाऊन चार महिने झाले आणि मी तुला एक ओळ लिहिली नाही. फोनवर जे बोललो ते कोणीही बोललं असतं. खरं कारण सांगतो. तुझा निरोप आला तेव्हा मनात आलं, आधी ठाण्याच्या मैफलीचं रेकॉर्डिंग लावावं, अण्णांची पेटी ऐकावी, मग लिहावं. मैफल सापडेना.

माझी शुगर ताब्यात आहे, हिचा गुडघा तसाच.

२०१३ साली याच मैफलीवरून आपला आठवडाभर अबोला होता. मी ती पैसे भरून डाउनलोड केली आणि घरातल्या सीडी वाटायला काढल्या. काळा घोड्याला, ऱ्हिदम हाऊसच्या दारात तू ओरडलास, "हवेचे पैसे मोजतोस!" मी म्हटलं, "तू बस तबकडीला हळदकुंकू वाहत." आता ते दारही नाही; २०१६च्या फेब्रुवारीत दुकान मिटलं.

मी जिथून डाउनलोड घेतलं, ते इंटरनेटवरचं दुकान त्याआधीच बंद पडलं. फाइली हार्ड डिस्कवर होत्या, ती एका सकाळी टकटक करत गेली. उरला फक्त द्रुत ख्याल, जुन्या फोनमध्ये, सेकंदाला १२८ किलोबिटचा. सीडीवर १४११ असतात, म्हणजे हा जेमतेम अकरावा हिस्सा. तंबोऱ्याची जवारी, तारांची ती घुमणारी झणझण, ओल्या कापडात गुंडाळल्यासारखी वाटते. तेही सोसलं असतं रे. पण फाइलची माहिती उघडली तर गाणाऱ्या बाईंचं नाव, अल्बम, साल, बस्स. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, काही नाही. बाईंची तान संपायच्या आत जी पेटी समेवर येऊन थांबलेली असायची, तिच्यामागे माणूसच नाही.

काल माळा काढला. त्या सीडीची डबी निघाली. आत तबकडी नाही, कोणाला तरी गाडीत ऐकायला दिली असणार. पण चार पानी कागद जागेवर आहे. तिसऱ्या पानावर 'हार्मोनियम' आणि पुढे अण्णांचं पूर्ण नाव. त्याखाली निळ्या शाईत त्यांची सही. मी शिडीवरच बसून राहिलो. तेव्हापासून एकच घोर लागलाय: साथीदारांची नावं अशा कागदांवरच होती, आणि कागद आपण रद्दीत घातले.

तू बरोबर होतास. पण सीडीच्या ७४ मिनिटांत बसेना म्हणून ती काढणाऱ्या लोकांनी भैरवी कापली, हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो.

तुझ्याकडची तबकडी काढ. मऊ फडक्याने मधून कडेकडे पूस, गोल फिरवू नकोस. छापील बाजू जप, चकाकता थर तिच्या लगेच खाली असतो. संगणकावर उतरवताना फ्लॅक प्रकारची फाइलच कर, त्यात आवाजाचं काही गळत नाही. आणि फाइलमध्ये अण्णांचं नाव आपण स्वतः लिहू, तबलजींचंही.

मनूची परीक्षा झाली का? वहिनींची बदली टळली म्हणे, बरं झालं.

कागद पोस्टाने पाठवायचा धीर होत नाही. रविवारी सकाळच्या गाडीने घेऊन येतो. पेटी झाकलेली असेल तर उघडून ठेव.

तुझा,
विन्या